घरातील चाचणी आणि मनातील धास्ती

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार हे संत्री, कापूस आणि तूर यांच्या उलाढालीवर वाढलेले तालुक्याचे गाव आहे. शहर म्हणावे एवढे ते मोठे नाही आणि खेडे म्हणावे एवढे लहानही नाही. अशा गावात माणसे एकमेकांना चेहऱ्याने तर ओळखतातच, पण घराण्यानेही ओळखतात. कोणाच्या घरी सोयरीक ठरली, कोणाचे शेत गहाण पडले आणि कोण कोणत्या डॉक्टरची पायरी चढला, या वार्ता संध्याकाळच्या आत चार वस्त्यांत पोचलेल्या असतात. अशा गावातील एखाद्या तरुणाच्या मनात, आपल्याला एचआयव्हीची बाधा तर झाली नसेल ना, अशी शंका शिरली तर तो काय करील, याची कल्पना करून पाहावी.

ग्रामीण रुग्णालयात जावे तर केसपेपरच्या खिडकीशी कोणी तरी ओळखीचे भेटणार. अमरावतीला जावे तर एस.टी.तच शेजारचा विचारणार, ‘काय भाऊ, आज इकडे कुठं?’ खाजगी प्रयोगशाळेत नाव, वय आणि मोबाइल क्रमांक लिहून द्यावा लागणार. तेव्हा तो रात्री मोबाइलवर शोधाशोध करतो, चाचणीचा संच घरपोच मागवतो, दाराला कडी लावतो, बोटाला सुई टोचतो आणि पट्टीकडे पाहत बसतो. पंधरा-वीस मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ उमटते. सूचनापत्रकाप्रमाणे तिचा अर्थ ‘बाधा आढळली नाही’ असा आहे. त्याने सुटकेचा निःश्वास टाकावयास हवा. परंतु त्याचे मन शांत होत नाही. दुसरी रेघ अगदी पुसट अशी होती काय? रक्त कमी पडले असेल काय? संचच बनावट नसेल कशावरून? पुढच्या आठवड्यात तो दुसरा संच मागवतो.

हा तरुण कल्पित आहे. त्याची अवस्था मात्र कल्पित नाही. मधुमेही माणूस घरी रक्तातील साखर मोजतो, स्त्रिया गर्भधारणेची चाचणी घरी करतात, आणि कोरोनाच्या साथीत तर नाकातील बोळ्याची चाचणीही घराघरांत पोचली. एचआयव्हीची चाचणीही आता त्याच वाटेने निघाली आहे. या चाचणीवर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ वैद्यकाचा राहिलेला नाही. त्यात दोन निराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पट्टीला काय कळू शकते, ही एक. आणि भ्यालेल्या मनाला तिच्याकडून काय हवे असते, ही दुसरी. या दोन्ही वेगळ्या करून पाहिल्यावाचून या धास्तीचा उलगडा होणार नाही.

पट्टीला काय कळते?

पहिली गोष्ट ही की, या संचांपैकी बहुतेक संच विषाणूचा शोध घेत नाहीत. विषाणू शरीरात शिरल्यावर शरीर त्याच्या प्रतिकारासाठी प्रतिपिंडे नावाची प्रथिने तयार करते. पट्टी शोधते ती ही प्रतिपिंडे. कागदाच्या पट्टीवर विषाणूच्या प्रथिनांची एक अदृश्य रेघ आधीच ओढलेली असते. रक्ताचा थेंब आणि त्यावर टाकलेला द्राव टीपकागदावर शाई चढावी तसा त्या पट्टीवरून सरकतो आणि जाताना रंगाचे सूक्ष्म कण बरोबर घेऊन जातो. रक्तात प्रतिपिंडे असतील तर ती त्या रेघेपाशी अडकतात आणि रेघ रंगीत दिसू लागते. तिच्या पुढे आणखी एक रेघ असते, ती नियंत्रणाची. ती उमटली नाही तर ती चाचणी बाद समजावयाची, मग पहिल्या रेघेचे काहीही झालेले असो. काही संचांत ही नियंत्रणाची रेघ द्राव पट्टीवरून वाहिला एवढेच सांगते. रक्त पुरेसे पडले होते की नाही, हे तिला सांगता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या संचात रक्त लागतच नाही. हिरड्यांवरून एक चपटी काडी फिरवून तेथील ओलावा टिपला जातो. यावरून लाळेतून एचआयव्ही पसरतो, असा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. तो निराधार आहे. काडी टिपते ती प्रतिपिंडे, विषाणू नव्हे. परंतु हिरड्यांच्या स्रावात प्रतिपिंडांचे प्रमाण रक्ताहून कमी असते आणि त्यामुळे ही चाचणी बाधा उशिरा पकडते. तोंडात घास, चहा किंवा खर्रा असताना ती करावयाची नसते, हेही सूचनापत्रकातच लिहिलेले असते. पण भ्यालेला मनुष्य सूचनापत्रक शेवटी वाचतो.

काळ, हात आणि ऊन

चाचणीची विश्वसनीयता तीन गोष्टींवर अवलंबून आहे. त्यांपैकी पहिली म्हणजे काळ. बाधा होणे आणि ती चाचणीत दिसणे यांच्यामध्ये काही दिवस जावे लागतात. या मधल्या काळाला वैद्यक ‘विंडो पीरियड’ म्हणते. मराठीत त्याला गवाक्षकाळ असा शब्द योजला जातो. प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांना बाधा दिसू लागण्यास सामान्यतः २३ ते ९० दिवस लागतात. शिरेतून काढलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत होणारी, प्रतिपिंडे आणि विषाणूचे प्रथिन अशी दोन्ही शोधणारी चाचणी ती १८ ते ४५ दिवसांत पकडते. विषाणूचे जनुकद्रव्यच शोधणारी न्यूक्लिक ॲसिड चाचणी १० ते ३३ दिवसांत उत्तर देऊ शकते. म्हणजे शनिवारी रात्री घडलेल्या गोष्टीचे उत्तर सोमवारी सकाळी जगातील कोणतीही चाचणी देऊ शकत नाही. अशा वेळी घरी केलेली चाचणी ‘बाधा नाही’ असे दाखवते, ती त्या शनिवारच्या कित्येक आठवडे आधीच्या काळाबद्दल. ती खोटे बोलत नाही. तिला विचारलेला प्रश्नच अवेळी विचारलेला असतो.

या पहिल्या दोन-तीन दिवसांत करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. जोखीम घडल्यापासून ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर तितके बरे, प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घेतल्यास बाधा टाळण्याची चांगली शक्यता असते. ते ७२ तास कुरियरची वाट पाहण्यात घालवणे हे या धास्तीचे सर्वांत मोठे नुकसान होय.

दुसरी गोष्ट म्हणजे चाचणी करणारा हात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०१२ मध्ये ‘ओराक्विक’ या हिरड्यांवरील चाचणीला घरगुती वापरासाठी मान्यता दिली, त्या वेळी पुढे आलेले आकडे या दृष्टीने बोलके आहेत. हीच चाचणी प्रशिक्षित व्यक्तीने केली असता १०० बाधितांपैकी ९९ जणांना ओळखत होती. सामान्य माणसाने घरी स्वतः केली तेव्हा हे प्रमाण सुमारे ९२ वर आले. म्हणजे दर १२ बाधितांमागे एक निसटत होता. पट्टी तीच, फरक पडला तो घेतलेला नमुना, पाळलेली वेळ आणि रेघ वाचणारा डोळा यांमुळे. वेळेपूर्वी पट्टी पाहिली तर रेघ उमटलेली नसते. तासाभराने पुन्हा उचलून पाहिली तर वाळलेल्या द्रावाची छाया रेघेसारखी भासते. ठरलेल्या मिनिटांत वाचलेला निकालच ग्राह्य, बाकी सर्व तर्क.

तिसरी गोष्ट वऱ्हाडातील वाचकाला सांगावी लागेल असे नाही. ती म्हणजे ऊन. बहुतेक संचांच्या वेष्टनावर, २ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, अशी सूचना असते. वैशाखात अमरावती जिल्ह्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसपर्यंत चढतो. मालवाहू गाडीत, कुरियरच्या पत्र्याच्या खोलीत आणि मग दुचाकीच्या डिकीत तापून निघालेला संच घरी पोचतो तेव्हा त्यातील प्रथिनांची काय अवस्था झाली असेल, हे वेष्टनावरून कळत नाही. मुदत संपलेला, सील फुटलेला किंवा ‘केवळ प्रशिक्षितांच्या वापरासाठी’ असे बारीक अक्षरांत लिहिलेला संच घरच्या चाचणीसाठी वापरणे हे तर धोक्याचेच.

बनावट मालाची शंकाही अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या घरगुती एचआयव्ही संचांची तपासणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९९ साली केली, तेव्हा बाधित असल्याचे निश्चित ठाऊक असलेल्या नमुन्यांवरही त्या संचांनी ‘बाधा नाही’ असाच निकाल दाखवला होता. पुढे परिस्थिती बदलली. ब्रिटनने एप्रिल २०१४ मध्ये स्वचाचणीच्या संचांच्या विक्रीवरील बंदी उठवली आणि डिसेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वचाचणीची शिफारस केली. पण ती शिफारस गुणवत्ता पारखलेल्या संचांसाठी आहे. मोबाइलच्या पडद्यावर स्वस्त दिसेल त्या प्रत्येक पुडीसाठी नव्हे.

एक लाखाचे गणित

‘ही चाचणी नव्याण्णव टक्के अचूक आहे’ असे वाक्य जाहिरातीत वाचले की सुशिक्षित माणूसही फसतो. शंभरापैकी एकच निकाल चुकणार, तेव्हा दोन रेघा उमटल्या तर बाधा असण्याची शक्यता नव्याण्णव टक्के, असा त्याचा समज होतो. हा समज गणितात टिकत नाही. शिक्षकांनी नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवावे असे हे उदाहरण आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि प्रौढांतील प्रमाण ०.२१ टक्के होते. म्हणजे एक लाख प्रौढांत २१० बाधित आणि ९९,७९० अबाधित. आता समजा, या सर्वांची चाचणी अशा संचाने केली की जो अबाधितांपैकी नव्याण्णव टक्क्यांना बरोबर ‘बाधा नाही’ असे सांगतो. उरलेला एक टक्का म्हणजे सुमारे ९९८ निरोगी माणसे. त्यांच्या पट्टीवर चुकीने दुसरी रेघ उमटेल. बाधित तर सगळे मिळून २१० च. म्हणजे दोन रेघा पाहून हादरलेल्या दर सहा माणसांपैकी पाच जण प्रत्यक्षात निरोगी असतील!

चांगल्या संचाचे गणित बरेच बरे आहे. वर सांगितलेल्या २०१२ च्या चाचणीत अबाधित माणसाला चुकून बाधित ठरवण्याचे प्रमाण ५,००० मध्ये एक इतके कमी होते. त्या हिशेबाने एक लाखात सुमारे २० निरोगी माणसांना खोटी रेघ दिसेल आणि २१० बाधितांपैकी सुमारे १९३ जण पकडले जातील. म्हणजे दोन रेघा दिसलेल्या २१३ जणांत अकरांमागे एक निरोगी. शिवाय २१० पैकी १७ बाधित माणसे एकच रेघ पाहून निश्चिंत होतील. हे गणित सरसकट लोकसंख्येचे आहे. ज्याच्या हातून खरोखरच जोखीम घडली आहे त्याच्या बाबतीत दोन रेघा खऱ्या असण्याची शक्यता पुष्कळच वाढते. तेव्हा या आकड्यांचा आधार घेऊन त्या रेघा झटकून टाकणे हाही घातक भ्रम ठरेल.

या गणिताचा अर्थ एवढाच की, एका पट्टीवरील दोन रेघा म्हणजे निदान नव्हे. पुढच्या तपासणीचे ते बोलावणे आहे. म्हणूनच आपल्या शासकीय केंद्रांतही लक्षणे नसलेल्या व्यक्तीला एका चाचणीवर बाधित ठरवले जात नाही. वेगवेगळ्या घटकांवर वा तत्त्वांवर आधारलेल्या तीन चाचण्या केल्या जातात आणि तिन्हींचा कौल एक झाला तरच तसा अहवाल दिला जातो. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या ‘कोव्हिसेल्फ’ या घरगुती कोरोना चाचणीला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हाही लक्षणे असूनही बाधा दिसली नाही तर आरटी-पीसीआर करावी, असाच दंडक होता. तो लोकांनी फारशी कुरकुर न करता पाळला. मग एचआयव्हीच्या बाबतीतच दुसऱ्या चाचणीसाठी घराबाहेर पडणे एवढे जड का व्हावे?

भीतीची मुळे

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकात नाही. ते आपल्या सामाजिक इतिहासात आहे. १९८६ साली भारतात प्रथम मद्रासमध्ये ही बाधा आढळली आणि पुढच्या काही वर्षांत रोगाहून रोग्याचीच भीती अधिक पसरली. गोव्यात १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्याला पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याचा अपराध एवढाच की त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही आढळला होता. तेथील सार्वजनिक आरोग्यविषयक कायद्याचा आधार घेऊन त्याला एका जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. रक्तदानासारखे सत्कर्म करणाऱ्या माणसाला त्याच्या रक्ताच्या अहवालाने कैदी बनवले! पुढे त्याने बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. चाचणीचा कागद म्हणजे अटकेचे वॉरंट, ही समजूत अशा घटनांतून लोकांच्या मनात रुजली.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण त्याच मालिकेतील. एका सार्वजनिक उपक्रमात रोजंदारीवर काम करणाऱ्या मजुराला कायम करताना वैद्यकीय तपासणीत त्याची बाधा उघड झाली आणि त्याची नोकरी नाकारण्यात आली. न्यायालयाने त्याचे नाव गुप्त ठेवण्याची मुभा दिली आणि निकाल दिला की, जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून सहकाऱ्यांना धोका नाही, त्याला केवळ या कारणावरून कामापासून वंचित करता येणार नाही. त्या निवाड्यातील तत्त्व पुढे कायद्यात आले. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती असल्यावाचून तिची चाचणी करता येत नाही, तिची अवस्था तिच्या परवानगीवाचून इतरांना सांगता येत नाही आणि नोकरी, शिक्षण, उपचार वा घर नाकारता येत नाही.

कायदा झाला, पण गावाची जीभ कायद्याने बांधली जात नाही. अमरावतीकरांना हे नवे नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरोग्यांसाठी अमरावतीजवळ तपोवन उभारले, त्या काळी अंगावरचा चट्टा दिसताच माणूस घरातून उठवला जाई. त्यामुळे लोक चट्टा लपवीत आणि बरा होऊ शकणारा आजार बोटे झडेपर्यंत पोसला जाई. लपवण्याने रोग वाढतो, हा धडा या जिल्ह्याने एकदा गिरवलेला आहे. एचआयव्हीच्या बाबतीत लपण्याची जागा तेवढी बदलली. पूर्वी ती सदऱ्याची बाही होती, आता ती कडी लावलेली खोली आहे.

कौल मिळूनही न मिटणारी शंका

या धास्तीचा आणखी एक पैलू आहे आणि तो फारसा बोलला जात नाही. घरी वारंवार चाचणी करणाऱ्यांमध्ये असेही लोक असतात की ज्यांची जोखीम नगण्य होती, ज्यांचा गवाक्षकाळ कधीच उलटून गेला आहे आणि ज्यांच्या सर्व चाचण्यांनी ‘बाधा नाही’ असेच सांगितले आहे. तरीही त्यांना झोप लागत नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्यापासून डासाच्या चाव्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांना बाधा दिसते. अंगावर साधे पुरळ उठले, दोन किलो वजन घटले की ते पुन्हा पट्टी काढतात. वस्तुतः डास चावल्याने, एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा एकच संडास वापरल्याने एचआयव्ही पसरत नाही. त्याचे मार्ग मोजके आहेत: असुरक्षित शरीरसंबंध, बाधित रक्त, दूषित सुई आणि बाधित मातेकडून बाळाकडे.

हे सारे त्यांना ठाऊकही असते. मग चाचणीवरचा हा अविश्वास येतो कोठून? पुष्कळदा तो चाचणीवरचा नसतोच. एखादी चूक घडली, ती कोणाला सांगता आली नाही, आणि मग मनाने स्वतःला शिक्षा ठोठावली. ती शिक्षा रोगाच्या रूपाने येणारच, अशी त्या मनाची खात्री असते. पट्टी निर्दोष ठरवते तेव्हा ते मन न्यायाधीशावरच अविश्वास दाखवते. अशा माणसाला दहावा संच देऊन उपयोग नाही. त्याला हवा असतो तो धिक्कार न करता ऐकून घेणारा माणूस, आणि आवश्यक तर मानसोपचार. घरगुती चाचणीची खरी उणीव येथे उघडी पडते. पट्टी निकाल देते, पण निकाल ऐकून समोरच्याचा चेहरा कसा झाला, हे तिला दिसत नाही. परदेशांतही घरगुती चाचणीला दीर्घकाळ विरोध झाला तो याच कारणाने. एकटा माणूस वाईट निकाल पाहून जिवाचे बरेवाईट करून घेईल, ही भीती त्यामागे होती.

ती भीती निर्माण झाली त्या काळी एचआयव्ही म्हणजे मृत्यू असे समीकरण होते. ते आता राहिलेले नाही. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली आणि २०१७ पासून निदान होताच, रक्तातील पेशींच्या आकड्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आले. पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग असलेल्या, ९ देशांतील १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासाने २०११ साली दाखवून दिले की, लवकर सुरू केलेल्या उपचाराने जोडीदाराला बाधा होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते. पुढील अभ्यासांनी त्यापलीकडे जाऊन सिद्ध केले की, नियमित औषधांनी ज्याच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले आहेत, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. असे बाधित पतिपत्नी संसार करतात, योग्य उपचारांखाली त्यांना निरोगी अपत्येही होतात. म्हणजे बाधा कळणे हा शेवट राहिलेला नाही. न कळणे हाच आज खरा धोका आहे. मात्र येथेही एक सावधगिरी हवी. ज्याचे उपचार चालू आहेत त्याने घरी पट्टी लावून ‘आपण बरे झालो काय’ हे पाहू नये. औषधांच्या प्रभावाने पट्टी कधी कोरी राहू शकते, आणि तिच्यावर विसंबून औषधे सोडणे जिवावर बेतू शकते.

करावयाचे काय?

घरगुती चाचणीवर सरसकट टीका करणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्याने केंद्राची पायरी कधीच चढली नसती, असा माणूस या पट्टीमुळे निदान पहिले पाऊल तरी टाकतो. ते पाऊल योग्य दिशेने पडावे, एवढीच अपेक्षा. संच घ्यावयाचा तर मान्यताप्राप्त आणि मुदतीतील घ्यावा; जोखमीपासून तीन महिने पूर्ण झाल्यावर केलेल्या चाचणीलाच अखेरचा कौल मानावा; निकाल ठरलेल्या मिनिटांतच वाचावा; आणि दोन रेघा आल्या किंवा शंका उरली तर त्याच आठवड्यात शासकीय केंद्रात जावे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत, ज्यांना लोक आयसीटीसी म्हणून ओळखतात, ही तपासणी विनामूल्य होते. प्रथम बोलून घ्यावयाचे असेल तर १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे. तेथे नाव सांगावे लागत नाही.

परंतु सारी जबाबदारी भ्यालेल्या माणसावर टाकून भागणार नाही. लोक केंद्राला टाळून पट्टी मागवतात, यात केंद्रांना मिळालेला एक कौलही आहे. लहान गावात गुप्तता ही नियमावलीतील कलमाने टिकत नाही. खोलीचे दार कोणत्या बाजूला उघडते, नाव मोठ्याने पुकारले जाते काय, फाइल कोणाच्या टेबलावर उघडी पडते, अशा बारीकसारीक गोष्टींवर ती टिकते. केंद्राच्या दारावरील ठळक पाटीने रांगेतल्या माणसाची ओळख पटते, तेथेच गुप्ततेचा निम्मा भंग होतो. क्षयाची थुंकी, साखर, रक्तदाब आणि एचआयव्ही या साऱ्या तपासण्यांचे दार एकच असले, तर कोण कशासाठी आला हे कळण्याचे कारण उरणार नाही. जो तालुक्याच्या रुग्णालयाची रांग टाळण्यासाठी दुसऱ्या गावी जाऊ इच्छितो, त्याला ‘तुमचे केंद्र तिकडे’ म्हणून परत पाठवू नये. समुपदेशकाचे पद रिकामे ठेवून गोपनीयतेची घोषणा भिंतीवर रंगवणे ही तर चेष्टा होय.

शाळा-महाविद्यालयांचा वाटाही मोठा आहे. १ डिसेंबरला प्रभातफेरी काढून लाल फितीचे चित्र रंगवण्यावर बहुतेक ठिकाणी समाधान मानले जाते. त्याऐवजी वर दिलेले एक लाखाचे गणित एका तासिकेत सोडवून घेतले, गवाक्षकाळ म्हणजे काय हे विज्ञानाच्या शिक्षकाने संकोच न करता सांगितले, ७२ तासांची आठवण मुलांच्या मनात बसवली, तर त्याचा उपयोग एका प्रभातफेरीहून निश्चितच अधिक होईल. ज्या वर्गात हा विषय हसण्याखाली जातो, त्याच वर्गातील मुलगा उद्या खोलीला कडी लावून बसतो, हे विसरता कामा नये.

चांदूर बाजारच्या त्या तरुणाच्या हातात पट्टी आहे आणि त्याला तिची रेघ खरी वाटत नाही. विज्ञानाने त्याला उत्तर दिले आहे: तीन महिने पूर्ण होऊ दे, चांगला संच वापर, आणि दुसऱ्या चाचणीने खातरजमा कर. पण ही दुसरी चाचणी त्याच्या खोलीत होणार नाही. तिच्यासाठी त्याला दार उघडून, चार ओळखीच्या चेहऱ्यांसमोरून चालत रुग्णालयात जावे लागणार आहे. ते चेहरे आपले आहेत. आपण त्याला ‘इकडे कुठं?’ असे विचारले नाही, किंवा विचारूनही त्याच्या उत्तराची बातमी केली नाही, तरी त्याची अर्धी वाट सोपी होईल.